हा आधी कुठे भेटलाय? फँटसी गेम्समधले छुपे पाहुणे आणि पुन्हा पुन्हा उगवणारी पात्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी आमच्या भांडुपच्या सोसायटीतली पाच-सहा पोरं माझ्याकडे खेळायला जमतात. पडद्यावर काहीतरी दिसतं, मी एकटाच हसतो आणि मग ‘काका, काय झालं?’ सुरू होतं. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न. एकदाची उत्तरं लिहून काढली. रसभंग होणार, हे आधीच सांगतो. इथले बरेच गेम वीस-तीस वर्षांचे आहेत, त्यामुळे मला फारसं वाईट वाटत नाही.

इस्टर एग, कॅमिओ, क्रॉसओव्हर हे सगळं एकच का?

नाही, पण काटेकोर भेद कुणी पाळत नाही. इस्टर एग म्हणजे मुद्दाम दडवलेली गंमत. शोधली तर सापडते, नाही शोधली तर गेम अडत नाही. कॅमिओ म्हणजे ओळखीचं पात्र क्षणभर हजेरी लावून जातं, नाटकातल्या पाहुण्या कलाकारासारखं. क्रॉसओव्हरमध्ये दोन वेगळ्या मालिकांची जगं एकमेकांत मिसळतात.

आणि चौथी जात म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं पात्र. त्यात दोन पोटजाती. एकीत नाव तेच, माणूस निराळा. दुसरीत माणूसही तोच. आमच्याकडचे निम्मे वाद या दोन पोटजातींची गल्लत केल्यामुळे होतात.

हा प्रकार सुरू कुणी केला?

सगळ्यात गाजलेलं जुनं उदाहरण अटारी २६०० या घरगुती गेम-यंत्रावरच्या ‘ॲडव्हेंचर’चं, साल १९८०. नायक म्हणजे एक चौकोनी ठिपका, ड्रॅगन बदकासारखे. गेम करणाऱ्यांची नावं अटारी तेव्हा कुठेच छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरनं कुणाला न सांगता गेममध्ये एक गुप्त खोली बांधली. तिथे पोचायला एका पिक्सेलएवढा राखाडी ठिपका शोधून, उचलून, योग्य भिंतीपाशी न्यावा लागतो. ठिपका असा बेमालूम की पाहिला तरी दिसत नाही. खोलीत त्याचं नाव लिहिलेलं. कंपनीला पत्ता लागला तेव्हा गडी नोकरी सोडून गेला होता. असल्या दडवलेल्या गोष्टींना इस्टर एग हे नाव अटारीतल्याच स्टीव्ह राइटनं दिलं.

म्हणजे याचं मूळ गमतीत नाही, श्रेय न मिळालेल्या कारागिराच्या रागात आहे. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. ते उघड, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली. रॉबिनेटला चोरून कोरावं लागलं.

फायनल फँटसीच्या प्रत्येक भागात सिड असतो. तो मरत नाही का?

मरतो की, काही भागांत चांगला रडवून मरतो. पण तो एक माणूस नाहीच. सिड हे नाव १९८८ सालच्या दुसऱ्या भागात पहिल्यांदा आलं. पहिल्या भागात तो मुळात नव्हताच, पुढच्या आवृत्त्यांत नावापुरता घुसवला. चौथ्या भागात तो दाढीवाला इंजिनियर आहे, सातव्यात तोंडाळ वैमानिक, आठव्यात शाळेचा मुख्याध्यापक, दहाव्यात नायकाच्या साथीदार रिक्कूचा बाप, बाराव्यात सरळ खलनायक. नवव्यात तर राज्याचा प्रमुख असून बायकोच्या शापानं किडा होऊन बसलाय. बहुतेक वेळा उडत्या जहाजाशी त्याचा काहीतरी संबंध असतो, एवढंच सूत्र.

तमाशातली मावशी आठवा. गौळणीत मावशी येते, पेंद्या येतो. गेल्या वर्षीच्या फडातली मावशी आणि यंदाची मावशी एकच बाई आहे का, असं कुणी विचारत नाही. ती जागा आहे, ती कुणीतरी भरायची असते. सिडचं तेच.

बिग्ज आणि वेज यांचं काय?

दोघे हवालदार. मोठ्या लढाईच्या आधी येतात, बडबडतात, बहुधा मार खातात. १९९४ च्या सहाव्या भागात अगदी पहिल्या दृश्यात बर्फातून यंत्रांवर बसून येतात. नावं ‘स्टार वॉर्स’मधल्या दोन वैमानिकांची. अमेरिकेतल्या पहिल्या भाषांतरात बिग्जचं ‘विक्स’ झालं होतं. आमच्याकडे ते नाव ऐकून एका पोराला खोकल्याच्या गोळ्या आठवल्या, तेव्हापासून तो त्यांना तसंच म्हणतो.

गिल्गमेश मात्र तोच माणूस आहे म्हणतात. खरं?

हा माझा लाडका प्रश्न.

गिल्गमेश पहिल्यांदा आला तो १९९२ सालच्या पाचव्या भागात. नाव मेसोपोटेमियाच्या प्राचीन महाकाव्यातलं, पण थाट आपल्या सोंगाड्याचा. खलनायक एक्सडेथचा हा सरदार. लाल पोशाख, तोंडाला रंग, प्रत्येक वेळी हरतो आणि प्रत्येक वेळी काहीतरी सबब सांगून सटकतो. त्याला जगातल्या उत्तमोत्तम तलवारी जमवायचा नाद. एकदा मोठ्या दिमाखात एक्सकॅलिबर काढतो आणि वार करतो, तर नुकसान किती? १. तलवार नकली निघते. तिचं नावच ‘एक्सकॅलिपुअर’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

शेवटी चिडलेला मालक त्याला मितींच्या मधल्या फटीत फेकून देतो. लेखकांनी इथे एक दार उघडं ठेवलं. फटीत पडलेला माणूस कुठल्याही जगात बाहेर पडू शकतो. तो पडतोही.

आठव्या भागात मदतीला येणारा ओडिन हा देव तुमच्याकडे असेल, तर नायकाचा वैरी सीफर याच्याशी लढताना सीफर ओडिनचे उभे दोन तुकडे करतो. आमच्या गेम पार्लरमध्ये हे पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे गप्प झाले होते. इतक्या कष्टानं मिळवलेला देव गेला म्हणून. आणि मग पडद्याबाहेरून एक हात येतो, ती तलवार उचलतो, आणि लाल कपड्यांतला हा बाबा हजर. तिथून पुढे तो अधूनमधून आपणहून लढाईत येतो आणि चारांपैकी एक तलवार उपसतो. त्यात एक्सकॅलिपुअरही आहे. राक्षसाला १ चं नुकसान. लाज ती नाहीच.

नवव्या भागात गल्लीबोळांत फिरणारा चार हातांचा जॅक भेटतो. खरं नाव फार उशिरा कळतं. बाराव्या भागात खाणीतल्या शिकारीत तो आपल्या कुत्र्याला, एन्किडूला, घेऊन येतो. तेव्हा त्याच्या हातांकडे नीट बघा. क्लाउडची रुंद तलवार, स्क्वॉलची बंदूक-तलवार, आधीच्या भागांतल्या नायकांची हत्यारं, सगळी नकली. बाकीच्या भागांत हिंडताना त्यानं काय काय पाहिलं, ते तो अंगावर घेऊन फिरतोय.

नर्मदेच्या परिक्रमेला गेलेली माणसं अश्वत्थामा भेटल्याचं सांगतात. कपाळावर जखम, तेल मागतो आणि निघून जातो. त्याची गोष्ट संपली, तो संपला नाही. गिल्गमेश हा त्याच घराण्यातला, फक्त तेलाऐवजी तलवार मागतो.

काका, फायनल फँटसीतली शिवा बाई का आहे? आजी चिडली.

आजींना माझा नमस्कार सांग. ही शिवा तिसऱ्या भागापासून, १९९० पासून आहे. बर्फाची देवता, निळसर अंगाची स्त्री. आपल्या शंकराचं नाव घेतलं, हिमालयाची थंडी घेतली आणि बाकी सगळं स्वतःचं घातलं, असं मला दिसतं. जपानी गेमवाले जगभरच्या पुराणांतून नावं अशीच उचलतात, भाजी निवडल्यासारखी. त्यात अपमानाचा हेतू नाही, अभ्यासही फार नाही. तेराव्या भागात शिवा दोन बहिणी आहेत आणि दोघी मिळून मोटारसायकल होते. हे आजींना सांगू नकोस.

चौथ्या भागात तीन चेहऱ्यांची असुरा राणी आहे. फायनल फँटसी १४ मध्ये रावण किड्यांच्या टोळीचा देव आहे आणि लक्ष्मी सर्पस्त्रियांची. त्याच गेमच्या २०२१ च्या ‘एंडवॉकर’मध्ये थवनैर नावाचं बेट आहे. रंगीत वस्त्रं, मसाले, हत्तीसारखी माणसं आणि व्रित्र नावाचा ड्रॅगन. आपल्या वेदांत वृत्र पाणी अडवणारा शत्रू, इथे तो राज्याचा रक्षक.

‘शिन मेगामी टेन्सेई’ या दुसऱ्या जपानी मालिकेत मात्र शिव हा शिवच आहे, पुरुष, आणि फार ताकदीचा. तिथे तो बारोंग आणि रांगदा या बाली बेटावरच्या पुराणातल्या दोन वैऱ्यांना एकत्र करून मिळतो. संहार आणि संतुलन एका जागी आणण्याची ही कल्पना मला थोडी तरी विचार केलेली वाटते.

फायनल फँटसीत झेल्डाच्या लिंकचं थडगं आहे, ही थाप ना?

थाप नाही. पहिला भाग, १९८७, एल्फांचं गाव. गावाच्या कडेला तीन-चार दगड. गाणं वाजतंय, लढाई नाही, कुणी काम सांगितलेलं नाही. मी तिथे गेलो होतो ते दुकान शोधताना रस्ता चुकून. दगडासमोर उभं राहून बटण दाबलं की चौकट उघडते आणि जपानी आवृत्तीत लिहून येतं, की इथे लिंक विसावला आहे. बस. पुढे काही नाही. बक्षीस नाही, आवाज नाही.

लिंक हा निन्टेंडोच्या ‘झेल्डा’ मालिकेचा नायक, पहिला झेल्डा १९८६ चा. म्हणजे शेजारच्या दुकानाचा नायक दोन वर्षांचाही नसताना फायनल फँटसी बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीच्या पोरांनी त्याला पुरून टाकला. निव्वळ खोडसाळपणा.

खरी गंमत पुढची. १९९० मध्ये इंग्रजी आवृत्ती आली तेव्हा दगडावरचं नाव बदलून ‘एर्ड्रिक’ केलं. एर्ड्रिक हा ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा नायक आणि ड्रॅगन क्वेस्ट एनिक्सचा. एनिक्स म्हणजे स्क्वेअरचा उभा दावेदार. १३ वर्षांनी, २००३ मध्ये, स्क्वेअर आणि एनिक्स एकच कंपनी झाली आणि ते थडगं एकदम घरच्या माणसाचं झालं. नंतरच्या आवृत्त्यांत पुन्हा लिंकचं नाव आलं. आता तुमच्या हातात कुठली आवृत्ती आहे त्यावर कोण मेलं ते ठरतं. त्यामुळे दोघे भांडत असतील तर दोघेही बरोबर असू शकतात. आमच्याकडे असंच झालं होतं.

आणि मारिओच्या गेममध्ये फायनल फँटसीचा राक्षस?

तोही आहे. १९९६ चा ‘सुपर मारिओ आरपीजी’ निन्टेंडोसाठी स्क्वेअरनंच केला होता. मॉन्स्ट्रो टाउनमध्ये एक बंद दार आहे. मोलव्हिलमध्ये फटाके देऊन एक चमकता दगड मिळवायचा, तो घेऊन दारापाशी यायचं. आत क्युलेक्स. बाकी सगळा गेम गुबगुबीत, मातीच्या खेळण्यांसारखा आणि हा एकटा सपाट, रेखीव, थेट फायनल फँटसीच्या पानातून कापून चिकटवल्यासारखा. भोवती चार तत्त्वांचे चार स्फटिक. संगीत चौथ्या भागातलं. तो सांगतो की मी दुसऱ्या मितीतून आलोय आणि हरल्यावर परत जातो. मारिओला काही कळत नाही. २०२३ च्या नव्या आवृत्तीतही तो आहे आणि दुसऱ्यांदा लढायलाही येतो.

त्याच गेममध्ये रोझ टाउनच्या खाणावळीत पलंगावर लिंक झोपलेला सापडतो. उठवायला गेलं तर झेल्डातली कोडं सुटल्याची धून वाजते. मश्रूम राज्याच्या राजवाड्यात ‘मेट्रॉइड’ची नायिका सामुसही झोपलेली आहे. सगळे पाहुणे झोपलेले का, हे कळत नाही. कदाचित जागं केलं तर संवाद लिहावे लागतील म्हणून.

पॅचेसवर विश्वास ठेवावा का?

लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही.

टक्कल पडलेला, दोन पायांवर उकिडवा बसलेला, खी-खी हसणारा हा माणूस फ्रॉमसॉफ्टवेअरच्या गेम्समधून फिरत आलाय. मुळात २००८ च्या ‘आर्मर्ड कोअर: फॉर ॲन्सर’मध्ये त्याच नावाचा एक यंत्रचालक होता. खरा पॅचेस २००९ च्या ‘डेमन्स सोल्स’मधला. मग ‘डार्क सोल्स’ २०११, ‘ब्लडबोर्न’ २०१५ (तिथे त्याला चक्क कोळ्याचं अंग आहे), ‘डार्क सोल्स ३’ २०१६ आणि ‘एल्डन रिंग’ २०२२. हिदेताका मियाझाकींच्या चमूचा तो ठरलेला विनोद आहे: पुढे खजिना आहे, वाकून बघ. वाकलात की पाठीत लाथ.

डार्क सोल्समध्ये राक्षसांच्या कबरीत मी पहिल्यांदा त्याच्यापाशी पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. काळोख असा की हातातला दिवा दोन पावलांपलीकडे पोचत नाही. भोकाच्या काठावर हा उभा. खाली काय चमकतंय बघ म्हणाला. मला माहीत होतं. डेमन्स सोल्समध्ये त्यानं मला असंच ढकललं होतं. तरी वाकलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खाली पडल्यावर आधी शिवी आली आणि मग हसू आलं. बायको आतून ‘झोपा आता’ म्हणाली.

भोकातून वर आल्यावर तो माफी मागतो आणि दुकान मांडतो. माल चांगला असतो हे कबूल करायला हवं. एल्डन रिंगमध्ये गुहेतली त्याची पेटी उघडली की अंगावर येतो, अर्धा मार खाल्ला की जमिनीवर लोटांगण घालून गयावया करतो. त्याला मारू नका. जिवंत ठेवलात तर तोच पुढे बरंच काही विकतो आणि पुढे एका कड्यावर पुन्हा ढकलतो.

सगळ्यात सुंदर वापर मात्र डार्क सोल्स ३ च्या ‘रिंग्ड सिटी’त आहे. तिथे लॅप नावाचा चिलखती भला माणूस भेटतो. त्याची स्मृती हळूहळू चाललीय, आपण कोण होतो ते आठवत नाही. तुम्ही त्याला मदत करता. खेळणारा मनापासून हळहळतो. मग एका कड्यावर तो तुम्हाला खाली बघायला सांगतो. लाथ बसते तेव्हा कळतं, की त्याला आठवलं.

फ्रॉमसॉफ्टवेअरची मूनलाइट तलवारही अशीच १९९४ च्या ‘किंग्ज फील्ड’पासून गेमागणिक फिरते. तिचा निळसर उजेड ओळखीचा झाला की पुढच्या गेममध्ये दिसल्यावर आपोआप बरं वाटतं.

स्कायरिममध्ये रस्त्यावर भेटणारा मांजरमाणूस वेड्यासारखं काय बोलतो?

तो म'ऐक, थापाड्या म'ऐक. स्कायरिम ज्या मालिकेतला, त्या एल्डर स्क्रोल्सच्या मुख्य भागांत तो २००२ च्या ‘मोरोविंड’पासून आहे. वर्षानुवर्षं माणूस तोच कसा, यावर त्याचं उत्तर तयार असतं: माझा बापही म'ऐक, आजाही म'ऐक. आमच्या गावाकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तेव्हा मला यात काही खोटं दिसत नाही.

त्याची बडबड वेड्याची नाही, कोपरखळ्या आहेत. खेळाडू ज्या गोष्टींसाठी गळा काढतात त्यावर बनवणाऱ्यांचं उत्तर त्याच्या तोंडून येतं. मोरोविंडमध्ये घोडे का नाहीत, असा ओरडा होता. म'ऐक घोड्याचं नाव निघताच त्यांच्या चवीबद्दल बोलतो. त्याच गेममध्ये दूरच्या किनाऱ्यावर एक बोलणारा खेकडा आहे. गेममधल्या कुठल्याही शेठपेक्षा त्याच्याकडे जास्त रोकड, १०,००० सोन्याची नाणी. हा इस्टर एग आहे की अर्थव्यवस्थेवरची टीका, ठरवा.

म'ऐकपेक्षा हळुवार ओळख शिओगोराथची आहे. वेडेपणाचा हा देव स्कायरिममध्ये बोलता बोलता फुलपाखरं, रक्त, कोल्हा, कापलेलं मुंडकं असं काहीबाही पुटपुटतो. ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) खेळलेल्याला चटका बसतो, कारण त्या साऱ्या त्याच्या स्वतःच्या आठवणी आहेत. मागच्या गेममधला नायक शेवटी शिओगोराथच्या गादीवर बसला होता. म्हणजे समोरचा वेडा म्हातारा म्हणजे आपणच, दोनशे वर्षांनी.

बाल्डर्स गेट ३ मध्ये मिन्स्क इतका गाजावाजा करून का येतो?

कारण तो १९९८ पासून येतोय. टकलू, अंगावर जांभळी गोंदणं, अफाट ताकद, डोक्याला मार लागलेला आणि हातात बू नावाचा उंदीरवजा हॅमस्टर. बू हा अंतराळातल्या महाकाय हॅमस्टरांपैकी असून लहान आकाराचा आहे, असं मिन्स्क सांगतो. खरं-खोटं बू जाणे. मूळ पात्र संगणकातलं नाही. पहिले दोन भाग बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीच्या लोकांच्या, घरी टेबलाभोवती बसून खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या डावातून ते आलं.

अडचण अशी, की पहिल्या दोन भागांनंतर तिसऱ्याच्या गोष्टीत शंभरहून अधिक वर्षं उलटली आहेत. त्याची जुनी साथीदार जाहेरा अर्धी एल्फ, म्हणून जिवंत. मिन्स्क माणूस, त्याचं काय करणार? तर मधल्या काळात तो दगड होऊन पुतळा म्हणून चौकात उभा होता. आपल्याकडच्या किती पुतळ्यांना हे ऐकून आशा वाटली असेल!

बायोवेअरनं स्वतःच्या ‘मास इफेक्ट २’मध्ये, थेट अंतराळात, दुकानात एक हॅमस्टर विकायला ठेवला. जहाजावरच्या आपल्या खोलीत पाळता येतो. बाल्डर्स गेट न खेळलेल्यांना तो फक्त गोड उंदीर वाटतो. असंच असावं. ज्याला ओळख पटली नाही त्याचं काही अडता कामा नये.

डायब्लोत गायींची गुप्त पातळी आहे का? माझा मोठा भाऊ शपथ घेतो.

भाऊ कुठला डायब्लो खेळला त्यावर अवलंबून. पहिल्या डायब्लोत ट्रिस्ट्रम गावात गायी होत्या आणि त्यांच्यावर इतक्या वेळा क्लिक केलं की दार उघडतं, अशी अफवा उठली. साफ खोटी. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीडीवर आम्ही अख्खी दुपार त्या गायीवर टिचक्या मारण्यात घालवली आहे. माउसचं डावं बटण बसलं, दार उघडलं नाही.

१९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये डायब्लोवाल्याच ब्लिझर्डनं एक चीट कोड ठेवला, त्याचा अर्थच ‘गायींची पातळी अस्तित्वात नाही’. आणि २००० साली डायब्लो २ मध्ये ती खरोखर दिली. विर्ट नावाच्या लंगड्या पोराचा लाकडी पाय आणि नगरद्वाराची पोथी होराड्रिक घन नावाच्या जादूच्या डबीत एकत्र केली की लाल दार उघडतं. पलीकडे दोन पायांवर चालणाऱ्या, परशू घेतलेल्या शेकडो गायी. अफवेचंच पुढे सत्य झालं.

मग बाकीच्या अफवा? ट्रकखालचा म्यू?

खोटी. पण तिच्यात दाणाभर तथ्य होतं. म्यू नावाचा दुर्मिळ पोकेमॉन गेममध्ये खरंच दडलेला होता. १९९६ चा पोकेमॉन तयार होत आला तेव्हा चाचणीची साधनं काढून टाकल्यावर जी चिमूटभर जागा उरली, तिच्यात शिगेकी मोरिमोतो यांनी तो गुपचूप बसवला. बंदरातला तो ट्रक मात्र नुसताच ट्रक. तो ढकलायला पोरांनी काय काय केलं! २००४ च्या नव्या आवृत्तीत बनवणाऱ्यांनी त्या ट्रकजवळ एक बिस्किट ठेवलं. इतकी वर्षं ढकलत होतात, आता खा.

फायनल फँटसीच्या सातव्या भागात मरणाऱ्या एरिथला परत आणता येतं, हीही अफवा. नाही येत. तिथे बिस्किटही ठेवलेलं नाही.

जुना सेव्ह नव्या गेममध्ये चालतो, हे काय प्रकरण?

‘सुइकोडेन’. १९९५ चा पहिला भाग, १०८ तारे म्हणजे १०८ साथीदार, मूळ कल्पना चिनी अभिजात कादंबरीची. १९९८ चा दुसरा भाग सुरू करताना पहिला भाग संपत आल्याचा सेव्ह (साठवलेला डाव) मेमरी कार्डावर असेल, तर जुना नायक मॅकडोल नव्या गोष्टीत येऊन तुमच्या बाजूनं लढतो. तुम्ही ठेवलेल्या नावानं. हा खरा ‘तोच माणूस’. शिवाय जादूगार जीन आणि शिंकेसरशी चुकीच्या काळात जाऊन पडणारी विकी या दोघी बहुतेक भागांत असतात. विकीचं एक वेळ समजतं. जीनचं वय मात्र वाढत का नाही, हे विचारणं असभ्य मानलं जातं.

माझा मॅकडोल कधी आलाच नाही. परळला एका पार्लरमध्ये खेळायचो, मेमरी कार्ड सगळ्यांत एक. त्यावर १५ ब्लॉक. कुणीतरी कुस्तीच्या गेमसाठी जागा केली आणि माझा ४० तासांचा सेव्ह गेला. कोण ते कधी कळलं नाही, पण मला एका मुलाचा संशय आहे. तो आता आमच्याच सोसायटीच्या कमिटीवर आहे.

विचर आणि सायबरपंक जोडलेले आहेत का?

कोपरखळीपुरते. ‘विचर ३’ (२०१५) मध्ये जगाजगांतून उड्या मारू शकणारी सिरी नायक गेराल्टला आपण कुठे कुठे पळालो ते सांगते. एका जगात माणसांच्या डोक्यात धातू होता, लढाया लांबून होत, घोडे नव्हते, प्रत्येकाकडे उडतं वाहन होतं. तेव्हा सायबरपंक २०७७ बाजारात यायला पाच वर्षं होती. पुढे त्या गेममध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर सिरी दिसते. एवढंच.

हे सगळं कळायला जुने गेम आधी खेळावे लागतील का?

नाही. आवडलेला खेळा, मागे जायचं तर मग जा.

मला स्वतःला शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

पहिल्या गावापासून. गोष्ट बरीच पुढे गेल्यावर तिथे परत या, लोकांचे संवाद बदललेले असतात. प्रत्येक माणसाशी दोनदा बोला, पहिलं वाक्य कामाचं असतं, दुसरं गमतीचं. थडगी, पाट्या, कपाटातली पुस्तकं वाचा. हत्यारांच्या वर्णनाच्या दोन ओळी वाचायचा कंटाळा करू नका. गावात झोपलेलं कुणी दिसलं तर उठवून बघा. आणि गरज नसलेला, वाटेबाहेरचा राक्षस दिसला तर त्याचं संगीत ऐका. बरीचशी नाती कानाला आधी कळतात.

काका, तुमची सगळ्यात आवडती कुठली?

गिल्गमेश म्हणेन असं वाटलं असेल. पण नाही. १९९९ चे पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर. सोळा बॅज मिळवले, सगळं जिंकलं, गेम संपला असं वाटतं, आणि तरी सिल्व्हर पर्वताची वाट मोकळी होते. अंधारी गुहा, वर चढत जायचं. अगदी शेवटी टोपी घातलेला एक मुलगा पाठमोरा उभा. त्याच्यापाशी गेल्यावर तो वळतो आणि फक्त तीन टिंबं येतात. तो रेड, पहिल्या गेमचा नायक. त्या गेममध्येही तो कधी बोलला नव्हता, कारण तेव्हा तो म्हणजे आपण होतो. त्याचा पिकाचू ८१ व्या पातळीचा. हरला की पुन्हा तीन टिंबं, पडदा काळा होतो आणि तो तिथे नसतो.

भाच्यानं मागच्या महिन्यात त्याला पहिल्याच प्रयत्नात हरवलं आणि मान वर न करता विचारलं, ‘काका, हा कोण होता?’ मी त्याला पहिला भाग खेळायला दिलाय. अजून दुसऱ्या बॅजपाशीच अडकलाय.